जॉन स्मिथ नावाचा नागपूरकर

गोपाळ मुकुंद हुद्दार हे संघाचे पहिले सरकार्यवाह. बालाघाट दरोडा प्रकरणात तुरुंग भोगून हे गृहस्थ पुढे लंडनला गेले आणि १९३७ साली जॉन स्मिथ हे नाव घेऊन स्पेनच्या यादवीत, चक्क फॅसिस्टांविरुद्ध लढायला उतरले! एप्रिल १९३८ मध्ये गांदेसाजवळ ते फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले. मग बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या मठातली छावणी. सुटकेची तारीख नसलेली कैद. यूएपीएखाली खटल्याविना वर्षे सरणारे आरोपी पाहणाऱ्या आम्हा वकिलांना ती परकी वाटत नाही. १९३८ अखेर ते मायदेशी परतले, पुढे कम्युनिस्ट झाले. आमच्या माकणीत डॉ. कोटणीस पुष्कळांना ठाऊक. हुद्दारांचे नाव कोणी काढत नाही.