दक्षिणेसाठी उत्तरेकडे

रिपोर्टर म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर कोण येतं? गळ्यात आयकार्ड, हातात बूम माइक, मागे धावणारा कॅमेरामन. आता हे सगळं पुसून टाका. त्याजागी धोतर, उपरणं, शेंडी, पाठीवर वळकटी आणि पायी चालून भेगाळलेले पाय असलेला तिशीचा एक कोकणी भिक्षुक उभा करा. मराठीतलं सगळ्यात थरारक ग्राउंड रिपोर्टिंग या माणसाने केलंय. ते करताना आपण काही रिपोर्टिंग वगैरे करतोय याचा त्याला पत्ताही नव्हता.

नाव विष्णुभट गोडसे, पुस्तक ‘माझा प्रवास’. १८५७ वर इतिहासाच्या पुस्तकात एखादी टीप म्हणून तुम्ही हे नाव वाचलं असेल आणि पान उलटलं असेल. आमच्या मास कॉमच्या वर्गात क्रिएटिव्ह नॉनफिक्शन शिकवताना सगळी उदाहरणं अमेरिकेतली असतात. पण खरं घडलेलं गोष्टीसारखं सांगणारी माणसं आपल्याकडे कुठून कुठून आलीत ते बघा. अनिल अवचट डॉक्टर होते. ‘उचल्या’ लिहिणारे लक्ष्मण गायकवाड सूतगिरणीत काम करत होते. ‘स्मृतिचित्रे’वाल्या लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर वाचायला शिकल्या. या रांगेत विष्णुभट सगळ्यात आधी उभे आहेत, आणि त्यांचा धंदा होता पूजा सांगणं.

पेण तालुक्यातलं वरसई हे त्यांचं गाव, आताच्या रायगड जिल्ह्यात. जन्म १८२७ चा. पेशवाई बुडून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आता वेद पाठ करून पोट कसं भरायचं, हा प्रश्न अशा शेकडो घरांत होता. पुण्याचा रमणा, पेशव्यांची दक्षिणा, सरदारांकडची अनुष्ठानं, सगळं आटलं होतं. गोडशांच्या घरात माणसं जास्त, मिळकत कमी आणि डोक्यावर कर्ज. आजच्या भाषेत सांगायचं तर विष्णुभटांकडे डिग्री होती, पण प्लेसमेंट नव्हती.

मग बातमी आली. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख नावाचा प्रचंड यज्ञ करणार, लाखो रुपये खर्च करणार, लांबलांबून वैदिक ब्राह्मण जमणार. दक्षिणा किती मिळेल याचे हिशेब लगेच सुरू झाले असणार. तिकडे जायचं, एकदाच काय ते मिळवायचं आणि कर्ज फेडून टाकायचं, हे गणित तुम्हाला ओळखीचं वाटेल. आखातात किंवा जहाजावर नोकरीला जाणारी पोरं आजही हेच गणित मांडतात.

घरच्यांना हे पसंत नव्हतं. हिंदुस्थान म्हणजे तेव्हा कोकणातल्या माणसाला परदेशच. शेवटी काका बरोबर येणार म्हटल्यावर परवानगी मिळाली. मार्च १८५७ मध्ये दोघं निघाले. आपल्याकडे पहिली रेल्वे धावून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती आणि ती उत्तरेत कुठेच पोचली नव्हती. म्हणजे हजार किलोमीटरहून जास्त अंतर, तेही पायी. तारीख पुन्हा एकदा बघा. मार्च १८५७. याहून वाईट टायमिंग इतिहासात क्वचितच कोणी साधलं असेल.

सातपुड्याच्या वाटेवर त्यांना महूच्या छावणीतले शिपाई भेटले. त्यांनी या भटजींना सांगितलं की आता पुढे जाऊ नका, थोड्याच दिवसांत पलटणी उठणार आहेत. क्षणभर तुम्ही विष्णुभटांच्या जागी उभे राहा. मागे फिरावं तर घरी कर्ज वाट बघतंय. पुढे जावं तर मरण. ते पुढे गेले. मला वाटतं यात शौर्य वगैरे काही नव्हतं, रिकाम्या हाताने घरी जायची लाज होती.

या शिपायांनी बंडाचं कारण म्हणून जे सांगितलं, ते विष्णुभटांनी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. काडतुसांची गोष्ट त्यात आहेच. शिवाय कलकत्त्याला सगळे राजेरजवाडे बोलावून इंग्रजांनी त्यांच्यापुढे धर्म बुडवणारी चौऱ्याऐंशी कलमं ठेवली, अशीही हकीकत आहे. अशी सभा इतिहासात कधीच झालेली नाही. ती अफवा होती. यावरून काही अभ्यासक विष्णुभटांना कच्चा साक्षीदार ठरवतात. मला उलट वाटतं. १८५७ साली रस्त्यावरचा शिपाई काय खरं मानत होता हे सरकारी कागदांत सापडणं अवघड, ते या भटजींकडे सापडतं. फॅक्ट-चेकमध्ये ते नापास होतील, पण लोक कशामुळे पेटले हे कळायला तीच अफवा कामाची आहे. तुमच्या फॅमिली ग्रुपवरचे फॉरवर्ड दीडशे वर्षांनी कोणी वाचले तर त्यालाही असंच काहीतरी कळेल.

पुढे महू पेटलं, उत्तर हिंदुस्थान पेटला आणि ज्या यज्ञासाठी निघाले होते तो बाजूलाच राहिला. धार, उज्जैन, ग्वाल्हेर असं फिरत, मिळेल तिथे अनुष्ठान करत, मिळेल ती दक्षिणा गाठीला बांधत काका-पुतणे झाशीला पोचले. झाशीत मराठी माणसांची वस्ती होती, राणी स्वतः तांब्यांच्या घरातली. आपली भाषा, आपलं जेवण, आपले सणवार. विष्णुभटांना तिथे आसरा मिळाला, कामही मिळालं आणि ते काही महिने राहिले.

पुस्तकाचा हा भाग वाचताना आपण इतिहास वाचतोय असं वाटतच नाही. राणी पहाटे उठून व्यायाम करते, घोड्यावर रपेट मारते, मग स्नान, पूजा, दरबार. कधी पायजमा आणि अंगरखा घालून येते, कधी साडी नेसून. तिचे वारलेले पती गंगाधरराव कसे विक्षिप्त होते, कधीकधी बायकांसारखा वेश करून कसे बसायचे, याचेही किस्से विष्णुभट मजेत सांगतात. वाड्यातली कुजबुज, जेवणावळी, कोणाला किती दक्षिणा मिळाली, सगळं येतं. पुतळ्यावर तलवार उगारलेली राणी आपण सगळ्यांनी पाहिलीय. रोजचा दिवस जगणारी राणी मात्र मला पहिल्यांदा इथे भेटली.

मग मार्च १८५८ उजाडला आणि सर ह्यू रोझच्या फौजेने झाशीला वेढा घातला.

यानंतरची पानं सलग वाचता येत नाहीत, पुस्तक मध्येच खाली ठेवावं लागतं. शहरावर दिवसरात्र गोळे पडतायत, रात्री ते लालभडक चेंडूसारखे आकाशातून येताना दिसतायत. तात्या टोपे मदतीला आले आणि त्यांचा पराभव झाला, तेव्हा तटावरून बघणाऱ्या लोकांचा धीर खचला. एप्रिलच्या सुरुवातीला इंग्रज शहरात शिरले आणि राणी रात्रीच्या अंधारात किल्ल्यातून बाहेर पडली. विष्णुभट मात्र आतच होते. राणीच्या पुढच्या लढाया आपल्याला पाठ आहेत. ती निघून गेल्यावर मागे राहिलेल्या शहराचं काय झालं, ते हा माणूस सांगतो.

घराघरात शिरून पुरुषांना मारत होते. कोष्टीपुऱ्यात तर कहर झाला. लोक विहिरीत उड्या टाकत होते, गवताच्या गंजीत लपत होते. विष्णुभट आणि त्यांचे यजमान श्वास रोखून लपून बसले. प्यायला पाणी नाही. गोरे शिपाई आत आले तेव्हा गाठीचे पैसे समोर ठेवून त्यांनी जीव वाचवला. म्हणजे ज्यासाठी घर सोडलं होतं, तेच गेलं. कत्तल थांबल्यावर लूट चालूच राहिली आणि तिच्यातही शिस्त होती, हे वाचून अंगावर काटा येतो. एका दिवशी सोनं-चांदी, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडे, मग धान्य, अशा पाळ्या. राणीचं पुस्तकालयही फस्त झालं. पोथ्यांची नासाडी सांगताना विष्णुभटांचा जीव जसा कळवळतो, तसा स्वतःचे पैसे जाताना कळवळत नाही. रस्त्यांवर प्रेतं जाळली जात होती. झाशीत हजारो माणसं मारली गेली हे खुद्द इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणातही आहे. फरक एवढाच की त्यांनी ते घोड्यावरून पाहिलं आणि यांनी लपलेल्या जागेतून.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. विष्णुभट आपल्या काळाचे आणि आपल्या जातीचे आहेत. सोवळं-ओवळं, ब्राह्मणांचा मान, दानधर्म या चष्म्यातूनच ते जग बघतात. तोफा चालवणारी, तट लढवणारी, कोष्टीपुऱ्यात मेलेली माणसं त्यांच्या लिखाणात गर्दी म्हणून येतात, नावाने फार कमी. त्यांचं पुस्तक वाचताना ही रिकामी जागा लक्षात ठेवूनच वाचावी लागते.

झाशीतून जीव घेऊन निघाल्यावर काल्पीच्या वाटेवर त्यांना राणी पुन्हा दिसली. पहाटेची वेळ, वाटेतली विहीर. हरलेल्या लढाईतून आलेले काही स्वार तिथे थांबले, त्यात ती होती. पठाणी वेश, अंगभर धूळ, तहानेने कासावीस. विष्णुभट पुढे झाले आणि पाणी काढून द्यायला लागले. ती नको म्हणाली. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी शेंदावं हे तिला पटेना. तिने स्वतः दोर धरला, मातीच्या भांड्याने पाणी काढलं, ओंजळीने प्यायली आणि निघून गेली. दोन-तीन परिच्छेदांचा प्रसंग आहे. पण राज्य गेलेली, सगळीकडून हरत आलेली पंचविशी-तिशीची एक बाई आणि लुबाडला गेलेला एक भटजी एका विहिरीवर समोरासमोर उभे आहेत, हे चित्र डोक्यातून जात नाही. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ ती लढता लढता गेली.

विष्णुभटांची फरफट त्यानंतरही संपली नाही. चित्रकूट, काशी अशी तीर्थं करत, अधूनमधून लुटले जात, कधी शिपायांच्या तर कधी चोरांच्या हाती सापडत ते फिरत राहिले. कधी बंडवाले समजून इंग्रज मारतील ही भीती, कधी इंग्रजांचे हेर समजून बंडवाले. परत यायला जवळपास तीन वर्षं लागली. घरच्यांनी त्यांची आशा सोडली होती. कर्ज फिटेल असं घबाड काही त्यांनी आणलं नाही. आणली ती खांद्यावरची गंगेच्या पाण्याची कावड. त्या पाण्याने त्यांनी आई-वडिलांना स्नान घातलं. ज्या मुलाला मेलेला समजलात, तो काशीहून गंगा घेऊन दारात उभा आहे!

यानंतर सुमारे पंचवीस वर्षं शांतता. विष्णुभट पुन्हा पूजा सांगायला लागले. यजमानांकडे गेले की झाशीच्या गोष्टी सांगत असणार आणि लोक ऐकून आपापल्या कामाला लागत असणार.

या यजमानांत एक घर होतं वैद्यांचं. त्या घरातला एक मुलगा शिकत होता, चिंतामण विनायक वैद्य. पुढे महाभारतावर लिहिणारे, भारताचार्य म्हणून ओळखले गेलेले चिं. वि. वैद्य ते हेच. पण १८८३ च्या सुमारास ते बाविशीच्या आसपासचे होते, म्हणजे तुमच्या-माझ्या वयाचे. आपल्या घरी पूजेला येणारा हा म्हातारा काय चीज आहे, हे या पोराला कळलं. त्याने विष्णुभटांना हे सगळं लिहून काढायला सांगितलं आणि मोबदला द्यायचंही कबूल केलं. पन्नाशी उलटलेल्या विष्णुभटांनी आठवून आठवून लिहिलं. तारखा इकडच्या तिकडे झाल्या, नावं चुकली, पण गोळ्यांचा आवाज आणि विहिरीवरची पहाट तशीच्या तशी उतरली.

लिहून झालं तरी छापणार कोण? बंडाची हकीकत, तीही राणीला मानणारी. सरकारच्या डोळ्यावर आली असती तर म्हाताऱ्याला आयुष्याच्या शेवटी त्रास झाला असता. म्हणून वैद्य थांबले. विष्णुभट गेल्यानंतर, १९०७ मध्ये, म्हणजे बंडाला पन्नास वर्षं झाली तेव्हा पुस्तक आलं. भीती खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी ‘केसरी’तल्या लेखांसाठी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. विष्णुभटांनी मात्र आपलं नाव छापलेलं पुस्तक कधी पाहिलंच नाही.

वैद्यांनी ते छापताना भाषा घासूनपुसून प्रमाण केली, काही मजकूर गाळला, काही आपल्या पद्धतीने मांडला. एडिटर म्हणून त्यांच्या अडचणी मला कळतात, तरी थोडा रागही येतो. सुदैवाने त्यांनी मूळ हस्तलिखित फेकलं नाही, ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे दिलं. १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी विष्णुभटांचा मूळ मजकूर प्रसिद्ध केला. अमृतलाल नागरांनी त्याआधीच ते हिंदीत नेलं होतं, आणि आता इंग्रजीतही एकाहून जास्त अनुवाद आहेत.

तेव्हा लायब्ररीत ‘माझा प्रवास’ मागाल तेव्हा कुठली प्रत हातात आलीय ते आधी बघा. वैद्यांची असेल तर भरभर वाचून होईल. पोतदारांची असेल तर पहिली वीसेक पानं अडखळाल, वाक्यं लांबलचक आहेत, शब्द जुने आहेत. अडखळत का होईना, झाशीपर्यंत पोचा.