वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मॉर्देकाय हाफकिन (१५ मार्च, १८६०:ओडेसा, रशियन साम्राज्य – २६ ऑक्टोबर, १९३०:लोझान, स्वित्झर्लंड) हे एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. पटकी आणि प्लेग या दोन्ही रोगांवरील लसी तयार करून त्यांनी भारतात त्यांचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्थेला त्यांचे नाव दिलेले आहे.

सुरुवातीचे जीवन

हाफकिन यांचा जन्म ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा येथील विद्यापीठात ते इल्या मेचनिकॉव्ह यांचे विद्यार्थी होते. झारशाहीविरोधी चळवळीतील सहभागामुळे त्यांना विद्यार्थिदशेत अटक झाली होती. १८८८मध्ये त्यांनी रशिया सोडली व काही काळ जिनिव्हा येथे काम केले. त्यानंतर पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी ग्रंथालयातील साहाय्यकाची जागा पत्करली आणि तेथेच संशोधनास सुरुवात केली.

पटकीवरील लस

पाश्चर संस्थेत हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंपासून लस तयार केली. १८ जुलै, १८९२ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३मध्ये ते भारतात आले व उत्तर भारतात हजारो लोकांना त्यांनी ही लस दिली. कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये काम करताना एकाच वस्तीत व एकाच घरात राहणाऱ्या, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या व्यक्तींची त्यांनी तुलना केली. दोन्ही गटांचे पाणी, अन्न व राहणीमान सारखेच असल्यामुळे रोगाच्या प्रमाणातील फरक लसीमुळे पडला असे म्हणता येत होते.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात ग्रंथिक प्लेगचे निदान केले. सरकारने हाफकिन यांना मुंबईस पाठवले. ऑक्टोबर महिन्यात त्यांनी भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात काम सुरू केले. प्लेगचा जंतू १८९४मध्ये हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता, परंतु रोगावर प्रतिबंधक उपाय उपलब्ध नव्हता.

त्या वेळी शहरात घरझडत्या, सामानाची जाळपोळ आणि रुग्णांना सक्तीने हलवणे यांमुळे लोकांत भीती पसरली होती. रुग्णालयात नेलेला मनुष्य परत येत नाही, अशा अफवा होत्या. ऑक्टोबर १८९६च्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर (आताचे कस्तुरबा रुग्णालय) हल्ला केला. मार्च १८९८मध्येही प्लेगच्या तपासणीवरून शहरात दंगल उसळली. अशा परिस्थितीत निरोगी माणसाने सुई टोचून घ्यावी यासाठी लोकांचा विश्वास मिळवणे आवश्यक होते.

हाफकिन यांनी प्लेगचे जंतू मांसरसात वाढवले. रसावर थोडे तूप सोडले जाई. तुपाच्या थेंबांखाली जंतूंचे लोंबते दोरे वाढत. पात्र हलवून ते तळाशी पाडले की नवे दोरे वाढू लागत. पुढे उष्णतेने हे जंतू मारून लस तयार होई. १० जानेवारी, १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस न घेतलेल्या कैद्यांच्या तुलनेत त्यांच्यात रुग्ण व मृत्यू कमी आढळले. आगाखान तिसरे यांनी जाहीर पाठिंबा दिल्यामुळे खोजा समाजातील अनेकांनी लस घेतली. भारतीय प्लेग आयोगानेही ही लस संपूर्ण संरक्षण देत नसली तरी रोगाचे आणि त्याहून अधिक मृत्यूचे प्रमाण घटवते, असा निष्कर्ष काढला.

परळची प्रयोगशाळा

लसीची मागणी वाढत गेल्याने प्रयोगशाळेची जागा वारंवार बदलावी लागली. अखेर १० ऑगस्ट, १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. येथून लाखो मात्रा देशभर पाठवल्या गेल्या. पुढे उंदरांवरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो, हे सिद्ध करण्याच्या कामातही या प्रयोगशाळेचा मोठा वाटा होता.

मलकोवाल प्रकरण

३० ऑक्टोबर, १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावात १०७ जणांना लस देण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. हाफकिन यांनी निर्जंतुकीकरणाच्या पद्धतीत बदल करून कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेवर भर दिला होता. त्यामुळे चौकशीत प्रयोगशाळेवर ठपका आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेला, ही बाब मागे पडली. १९०७मध्ये रोनाल्ड रॉस व अन्य नऊ शास्त्रज्ञांनी 'द टाइम्स' या लंडनच्या वृत्तपत्रात पत्र लिहून दूषितीकरण गावातच झाल्याचे दाखवून दिले. त्यानंतर हाफकिन निर्दोष ठरले. मात्र तोपर्यंत पाच वर्षे उलटली होती.

उत्तरायुष्य आणि वारसा

हाफकिन पुन्हा भारतात आले, परंतु परळचे संचालकपद त्यांना परत मिळाले नाही. कलकत्त्यात काम करून ते निवृत्त झाले व युरोपात परतले. अखेरच्या काळात त्यांनी आपली संपत्ती ज्यू धर्मशिक्षणासाठी स्थापन केलेल्या निधीस दिली.

१९२५मध्ये, त्यांच्या हयातीतच, परळच्या प्रयोगशाळेचे 'हाफकिन संस्था' असे नामकरण झाले. १९६४मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ही संस्था आजही परळच्या त्याच वास्तूत आचार्य दोंदे मार्गावर कार्यरत आहे.