गावाचा तिसरा वाटा : श्रीमंत सयाजीराव गायकवाड



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहावे असे बैठकीत ठरले, तेव्हा मी मागे मागेच बसले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोणच्याची कृती लिहून द्यावी, एवढाच माझा विचार होता. पण मनात बरेच दिवस एक गोष्ट सलत होती. ती सांगितल्यावाचून या लेखाची सुरुवात होणार नाही.

गेल्या वर्षी मंडळातील एका मैत्रिणीच्या नादाने मी वर्ध्याच्या एका वाचनालयाची सभासद झाले. पहिल्यांदा आणलेले पुस्तक बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या चरित्राचे होते. तुरीच्या शेंगा सोलता सोलता निम्मे वाचले. पुढे दिवाळी आली, पाहुणे आले आणि पुस्तक गव्हाच्या कोठीवर पडून राहिले. चार महिन्यांनी आठवण झाली, तेव्हा त्याच्या दोन पानांवर हळदीचा डाग. खाली मान घालून मी ते परत न्यायला निघाले. तेथील बाई रागावल्या नाहीत. हेच पुस्तक मागायला एक मुलगी तीनदा येऊन रिकाम्या हाताने गेली, एवढेच त्यांनी सांगितले. ते रागावण्याहून जास्त लागले. मी पुस्तक पुन्हा आठ दिवस मागून घेतले, पूर्ण वाचले आणि वेळेवर परत केले. त्यातले आणि पुढे इतर पुस्तकांतून कळले ते आज तुम्हांला सांगते.

सयाजीरावांचा जन्म 11 मार्च 1863 रोजी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे या खेड्यात झाला. पाळण्यातले नाव गोपाळ. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतले, पण घरी शेतीच. मूल इतर शेतकऱ्यांच्या मुलांसारखेच वाढले. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता वाचता येत नव्हते.

इकडे बडोद्यात मल्हारराव महाराजांना 1875 साली इंग्रज सरकारने गादीवरून दूर केले. त्यांच्या आधीचे राजे खंडेराव यांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून मुले नेली. कशासाठी आलास असे विचारल्यावर गोपाळाने राज्य करायला आलो असे बेधडक सांगितले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, 27 मे 1875 रोजी त्याचे दत्तविधान झाले आणि गोपाळाचा सयाजीराव झाला.

आता विचार करा. बारा वर्षांचा मुलगा, आईपासून तुटलेला, एवढ्या मोठ्या वाड्यात बसून अ आ इ गिरवतो आहे. त्या वयात आपली मुले सहावी सातवीत असतात. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा त्यांनी शिकून घेतल्या. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराचे धडे दिले. 28 डिसेंबर 1881 रोजी पूर्ण अधिकार हाती आले, तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते. मला वाटते, अक्षर उशिरा भेटले म्हणूनच त्याची किंमत त्यांना जन्मभर कळली. शाळा लवकर सुटलेल्या माझ्यासारखीला हे पटकन उमजते.

घरचे सुख त्यांना फार लाभले नाही. पहिल्या पत्नी चिमणाबाई 1885 साली वारल्या. पुढे तीन तरुण मुलगेही त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. दुसऱ्या पत्नीचे नावही चिमणाबाईच होते. त्यांनी पडदा सोडला, आणि 1927 साली पुण्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. आज आपण बाया मंडळ काढून बसतो, त्या वाटेवर आपल्या आधी चाललेल्यांपैकी त्या एक.

महाराजांनी 1893 साली अमरेली भागातील काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि 1906 साली ते सगळ्या राज्याला लागू केले. मुलींनाही शाळेत धाडणे भाग होते. परंतु लवकरच एक अडचण दिसून आली. मूल चार इयत्ता शिकायचे, शाळा सोडून वावरात जायचे, आणि घरात वाचायला कागदाचा कपटा नसल्यामुळे शिकलेले विसरून जायचे. शाळेवर केलेला खर्च मातीत. रोप लावले, पण पाणी कोण घालणार?

अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक वाचनालये पाहिली होती. ज्याला वाटेल त्याने आत जावे, पुस्तक घ्यावे, जातपात वा श्रीमंती कोणी विचारू नये, हे त्यांच्या मनात भरले. 1910 साली त्यांनी बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास बोलावले. बोर्डन तीन वर्षे राहिले. त्यांनी ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्ग काढला आणि मोठे मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले. त्यासाठी महाराजांनी आपल्या राजवाड्यातील सुमारे 20,000 पुस्तके देऊन टाकली. बायकांसाठी वाचनाची वेगळी सोय झाली. मुलांसाठी वेगळी खोली होती, तेथे पुस्तकांबरोबर खेळही मांडलेले असत.

शहराची सोय झाली, पण खेड्यांचे काय? त्यासाठी फिरत्या पेट्या निघाल्या. मजबूत लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तके भरायची आणि गावाला पाठवायची. गावाने वाचली की पेटी परत यायची आणि दुसरी जायची. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी पडद्यावर चित्रे दाखवण्याचे खाते काढले होते. वाचता येत नाही म्हणून कोणाला ज्ञानाच्या दारातून परत पाठवायचे नाही, असा त्यामागचा हेतू.

भगिनींनो, माझ्या मनाला सर्वांत जास्त भावली ती वेगळीच गोष्ट. राजाकडे पैसा होता. प्रत्येक खेड्यात वाचनालय बांधून देणे त्यांना जड नव्हते. पण त्यांनी तसे केले नाही. नियम असा होता की गावाने आधी आपापसात वर्गणी गोळा करावी. गावाने वर्षाला शंभर रुपयांपर्यंत जेवढी रक्कम जमवली, तेवढीच स्थानिक पंचायत घालणार आणि तेवढीच सरकार देणार. तीन वाटे, आणि पहिला वाटा गावाचा. गाव हात झटकून बसले तर वाचनालय नाही.

आधी मला हे कठोर वाटले. गरिबाकडून कशाला पैसे घ्यायचे? मग मला आपली भिशी आठवली. फुकट आलेली वस्तू आपण कोपऱ्यात टाकतो, आणि दहा रुपये घातलेल्या भिशीचा हिशोब दर महिन्याला तोंडपाठ असतो. ज्यात आपला पैसा, त्यात आपले लक्ष. महाराजांनी माणसाचा हा स्वभाव ओळखला होता. म्हणूनच वाचनालये शेकडो खेड्यांत उघडली. मोतीभाई अमीन नावाच्या शिक्षकाने तर आपली सारी हयात या कामाला वाहिली.

महाराजांनी 1904 साली बालविवाहाविरुद्ध कायदा केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 1913 साली अमेरिकेत शिकायला जाण्यासाठी शिष्यवृत्ती बडोद्यानेच दिली. ग्रंथ छापण्यासाठी मोठ्या देणग्या दिल्या. 6 फेब्रुवारी 1939 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. राज्य गेले, राजे गेले. पण वाचनालय सर्वांचे, ही गोष्ट राहिली. आपल्या महाराष्ट्रातही 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकार अनुदान देते. म्हणजे सरकारचा वाटा येतो. प्रश्न आहे तो आपल्या वाट्याचा.

आपले बोरगाव वर्ध्याला अगदी लागून. वाचनालय गाठायला आपल्याला पेटीची वाट पाहावी लागत नाही, ऑटोने गेले तरी थोड्या वेळाचे काम. तरीही बैठकीत मी विचारले तेव्हा पंधरा जणींपैकी दोघीच सभासद निघाल्या. वेळ नाही हे खरे आहे, पण मोबाईलला वेळ सापडतोच ना? माझी सासूबाई वाचू शकत नाहीत. रात्री भांडी आटोपल्यावर मी त्यांना दोन पाने वाचून दाखवते, आणि एखाद्या दिवशी विसरले तर त्याच आठवण करतात. पडद्यावरच्या चित्रांचे काम आमच्या घरी असे चालते.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, प्रत्येकीने यंदा एका वाचनालयाचे सभासद व्हावे आणि जिला वर्गणी जड जाते तिची मंडळाने भरावी. दुसरी, आणलेले पुस्तक दर बैठकीला सोबत आणून त्यातले दोन शब्द सांगावेत, म्हणजे एकीने आणलेले पुस्तक पंधरा जणींना कळेल. तिसरी, पुस्तक वेळेवर आणि स्वच्छ परत करावे, कारण कोणीतरी मुलगी रिकाम्या हाताने परत जात असते. या तिसऱ्या विनंतीत मी स्वतःलाच आधी बजावते आहे.

बारा वर्षांपर्यंत निरक्षर राहिलेल्या एका खेडूत मुलाने पुढे खेड्यापाड्यांत पुस्तके पोचवली. आपण तर शिकलेल्या बाया आहोत, कोणी सातवी, कोणी दहावी, कोणी त्याहून पुढे. आपला तिसरा वाटा आपण घालू या.

लिहिण्यात चुका असतील, त्या सांभाळून घ्याव्यात.