मलिक अंबर आणि जमिनीचा कस

जालन्याच्या एमआयडीसीतून तुम्ही कधी गेला असाल, तर सळयांचे कारखाने आणि बियाण्यांची गोदामे तुम्ही पाहिली असतील. येथले बियाणे दूरदूरच्या शेतांत जाते. पण बियाणे कितीही उत्तम असले तरी शेवटी ते मातीतच पडते. एकाच गावात एक शेत काळे, कसदार असते, तर शेजारचे मुरमाड आणि हलके. दोघांकडून सारखाच सारा मागता येईल काय? सुमारे चारशे वर्षांपूर्वी आपल्याच भागातील एका कारभाऱ्याने याचा विचार केला. त्यांचे नाव मलिक अंबर.

मलिक अंबर यांचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील इथिओपियात झाला. लहानपणीच त्यांना गुलाम म्हणून विकले गेले. बगदादच्या एका मालकाने त्यांना लिहिणे-वाचणे आणि कारभार शिकवला. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचे वजीर चंगेझखान यांनी त्यांना विकत घेतले. १६०० साली मुघलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला. तेव्हा अंबर यांनी निजामशाही घराण्यातील मुर्तझा यांना गादीवर बसवले आणि राज्याची सूत्रे आपल्या हाती घेतली.

त्यांच्या लढायांच्या गोष्टी तुम्ही इतिहासात वाचता. मला मात्र त्यांचे महसुलाचे काम अधिक मोठे वाटते.

त्या काळी सारा वसूल करण्याचा इजारा दिला जाई. इजारा हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. जो जास्त रक्कम कबूल करी, त्याला गावे मिळत. इजारदाराला चिंता फक्त यंदाच्या वसुलीची! तो शेतकऱ्याला पिळून काढी. कंटाळून शेतकरी गाव सोडून जाई. मग शेत पडीक होई, बांध फुटत आणि पावसाबरोबर चांगली माती वाहून जाई. म्हणजे नुकसान एका वर्षाचे नसे, जमिनीचेच असे.

अंबर यांनी ही इजारेदारी बंद केली. जमिनीची प्रत ठरवली. चांगली जमीन वेगळी, हलकी वेगळी. प्रत्यक्ष किती पिकते, हे पाहून सारा ठरू लागला. सुरुवातीला उत्पन्नाचे दोन पंचमांश धान्य घेत. पुढे त्याऐवजी रोख रक्कम घेऊ लागले, ती साधारण एक तृतीयांश उत्पन्नाइतकी होती. हा भार काही थोडा नव्हे. तरीही आपल्याला किती द्यायचे, हे शेतकऱ्याला कळू लागले. गावचा पाटील वसुलीला जबाबदार धरला गेला. पडीक जमीन पुन्हा लागवडीस येऊ लागली.

पाण्याकडेही त्यांचे लक्ष होते. १६१० साली त्यांनी खडकी शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले, आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथे त्यांनी जमिनीखालून नहर आणली. डोंगराकडचे पाणी केवळ उताराच्या जोरावर शहरात येई.

पण युद्धाने शेतीला सुखाने राहू दिले नाही. १६१६ साली जालन्याजवळ रोशनगाव येथे मुघलांनी अंबर यांचा पराभव केला आणि नंतर खडकीची नासधूस केली. गनिमी काव्याच्या लढाईत शत्रूची रसद तोडावी लागते, आणि रसद येते कोठून? गावांतून, शेतांतून. १६२४ साली भातवडीच्या लढाईत तर अंबर यांनी शत्रूला अडवण्यासाठी तलावाचे पाणी सोडले. सगळीकडे चिखल झाला आणि लढाई त्यांनी जिंकली. पाण्याची इतकी किंमत जाणणाऱ्या माणसाला तलाव रिकामा करावा लागला, हे विसरता येत नाही.

१६२६ साली मलिक अंबर यांचे निधन झाले. खुलताबाद येथे त्यांची कबर आहे. दहा वर्षांनी, १६३६ साली, निजामशाहीही संपली. पण शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत जमिनीची व्यवस्था लावताना अंबर यांच्याच पद्धतीचा आधार घेतला गेला, आणि मलिकंबरी धारा हे नाव लोकांच्या तोंडी पुढेही राहिले.