जेम्स मॅडिसन

बहुमताने राज्य चालवावे, हे लोकशाहीचे पहिले सूत्र होय. परंतु बहुमताने कोणत्या गोष्टीस हात लावू नये, हा दुसरा धडा त्याहून कठीण आहे. तो ज्यांनी घालून दिला त्या जेम्स मॅडिसन ह्यांचे अल्पचरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहोत.

मॅडिसन ह्यांचा जन्म अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात १६ मार्च १७५१ रोजी एका सधन जमीनदार घराण्यात झाला. देह लहानखुरा, प्रकृती नाजूक. व्यासंग मात्र दांडगा. त्या काळी तेथे अँग्लिकन पंथ राजमान्य होता. परवान्यावाचून प्रवचन करणाऱ्या बॅप्टिस्ट उपदेशकांस तुरुंगात डांबीत. स्वतः त्या पंथाचे नसूनही तरुण मॅडिसन ह्यांस ह्या अन्यायाची चीड आली.

१७७६ साली प्रांताच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात परपंथ सहन करण्याची भाषा होती. पंचविशीतील मॅडिसन ह्यांनी ती बदलवून धर्माचरणाचे स्वातंत्र्य हा सर्वांचा समान हक्क ठरविला. आज सहन करणारा उद्या सहन करीनासा होतो. हक्क कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसतो. पुढे ख्रिस्ती उपदेशकांसाठी कर बसविण्याचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी १७८५ मध्ये निनावी निवेदन लिहून लोकमत जागे केले. विधेयक बारगळले आणि १७८६ मध्ये जेफर्सन ह्यांनी रचलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा संमत झाला. १७८९ मध्ये मॅडिसन ह्यांनी मांडलेल्या घटनादुरुस्त्यांतूनच १७९१ ची हक्कांची सनद सिद्ध झाली.

१८०९ ते १८१७ ते राष्ट्राध्यक्ष होते. इंग्लंडशी युद्ध चालू असता त्यांनी स्वतःच सार्वजनिक प्रार्थनेचे दिवस जाहीर केले. निवृत्तीनंतर मात्र अशा घोषणा आणि विधिमंडळातील सरकारी वेतनाचे धर्मोपदेशक ही दोन्ही त्यांस तत्त्वविरुद्ध वाटली. बहुमताने निवडावयाच्या त्या जागेवर कॅथलिक वा क्वेकर उपदेशक कधी बसेल काय, असा त्यांचा रोख होता. हाच थोर पुरुष जन्मभर गुलामांचा मालक राहिला, हा कलंकही आम्ही लपवीत नाही.

२८ जून १८३६ रोजी त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांसाठी अधिकाऱ्यांनी रचलेली प्रार्थना १९६२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ह्याच सनदेच्या आधारे घटनाबाह्य ठरविली. वर्गात वेगळा उभा राहणारा एकटा मुलगाही राज्याचा तितकाच नागरिक असतो. आम्ही आयुष्य शाळेत घालविले. म्हणून ह्या चरित्राचे मोल आम्हांस विशेष वाटते.