झॉर्झ सरा : ठिपक्यांचा चित्रकार

लाल व निळ्या स्केचपेनांनीं कोऱ्या कागदावर दाट ठिपके द्यावे व तो कागद भिंतीस लावून दूर उभें राहावें. ठिपके दिसेनासे होतात आणि कागद जांभळा भासूं लागतो. जांभळी शाई तर कोणीं वापरलीच नाहीं! मग हा रंग आला कोठून? तो आपल्या डोळ्यांत मिसळला. ह्याच गोष्टीवर ज्यानें आपली कला उभारली, त्या झॉर्झ सरा ह्या फ्रेंच चित्रकाराचें अल्प चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

सरा ह्याचा जन्म ता. २ डिसेंबर १८५९ रोजीं पॅरिस येथें झाला. १८७८ सालीं तो तेथील प्रसिद्ध कलाशाळेंत दाखल झाला. पण पुढील वर्षीं ती सोडून लष्करी नोकरीसाठीं त्यास ब्रेस्ट बंदरीं जावें लागलें. परत आल्यावर त्यानें रंगांस फारसा हात न लावतां काळ्या खडूनें छायाप्रकाशाचा कसून अभ्यास केला.

त्यास वाट दाखविली ती शेव्रल ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या १८३९ सालच्या ग्रंथानें. शेव्रल हा गोबलँ येथील चित्रपट विणण्याच्या कारखान्यांत रंगखात्याचा प्रमुख होता. काळें सूत फिकें दिसतें अशी तक्रार येतां, दोष त्या सुताच्या रंगाचा नसून शेजारच्या रंगाचा आहे, असें त्यानें दाखवून दिलें होतें. मग रंग पाटीवर कालवून मळके कां करावे? शुद्ध रंगांचे ठिपके शेजारीं ठेवून मिसळण्याचें काम डोळ्यांवर कां सोंपवूं नये? असा विचार सरा ह्यानें केला.

१८८४ सालीं त्याचें स्नानाचें मोठें चित्र सरकारमान्य प्रदर्शनानें नाकारलें. तो खचला नाहीं. नाकारलेल्या इतर चित्रकारांसह त्यानें स्वतंत्र संस्था काढली, आणि सेन नदीतील ग्रांद झात बेटावर जाऊन नव्या चित्रासाठीं टिपणें काढूं लागला. सुमारें सात फूट उंच व दहा फूट रुंद असें तें चित्र पुरें होण्यास दोन वर्षें लागलीं. १८८६ सालीं तें मांडलें तेव्हां पुष्कळ लोक हंसले. आज शिकागो येथील कलासंग्रहालयांत तें मोठ्या मानानें ठेविलें आहे. त्यांतील एक पिवळा रंग मात्र रासायनिक फेरफारामुळें तपकिरी पडला आहे. पुस्तकी ज्ञान असूनही साहित्यानें दगा दिला.

ता. २९ मार्च १८९१ रोजीं, अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, अल्पशा आजारानें सरा मरण पावला. दोन आठवड्यांनीं त्याचा तान्हा मुलगाही गेला. सर्कशीचें चित्र अपुरेंच राहिलें.

आमच्या विद्यार्थिमित्रांनीं ही रीत अवश्य करून पाहावी. स्केचपेन घासूं नये, केवळ टेंकवावें. ठिपके विरळ पडल्यास कागदाच्या पांढऱ्या रंगानें चित्र फिकें होतें. पालकांसही आमची विनंति आहे : मूल तासभर ठिपकेच देत बसलें तर रागावूं नये; चार पावलें मागें सरून पाहावें.