दिवा, गटारं आणि आकडे : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहतं. रात्रीची वेळ, जखमी सैनिकांच्या लांबच लांब रांगा आणि त्यांच्यामधून हातात दिवा घेऊन फिरणारी एक बाई. चित्र खोटं नाही. ती खरंच रात्री वॉर्डांतून फेरी मारायची. पण मित्रांनो, नव्वद वर्षांच्या आयुष्यातली ही जेमतेम पावणेदोन वर्षं! बाकीच्या काळात ही बाई काय करत होती? तर आकड्यांचे तक्ते बनवत होती, ड्रेनेज आणि खिडक्यांवर लिहीत होती, हॉस्पिटलांचे आराखडे तपासत होती. म्हणजे जवळजवळ आपलाच सिलॅबस! म्हणून तर इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात तिच्यावर लेख.

तिचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. आईवडील श्रीमंत इंग्रज, फिरायला म्हणून युरोपात गेलेले. गावाचंच नाव मुलीला ठेवलं. (थोरल्या बहिणीचा जन्म नेपल्सचा, म्हणून तिला त्या शहराचं जुनं ग्रीक नाव मिळालं, पार्थेनोपी!) वडिलांनी दोघींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवलं. फ्लॉरेन्सला मात्र गणिताचं वेड. मुलीच्या जातीला गणित कशाला, असं आईचं मत. हट्ट करून करून तिने शेवटी शिकवणी मिळवलीच.

फेब्रुवारी १८३७ मध्ये, सोळा वर्षांची असताना, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावलं आहे अशी तिची खात्री झाली. पण सेवा म्हणजे नेमकं काय, हे कळायला काही वर्षं गेली. १८४५ मध्ये तिने घरी सांगितलं, मला सॅलिसबरीच्या हॉस्पिटलमध्ये जाऊन नर्सिंग शिकायचंय. घरात भूकंप!

आईवडिलांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये नर्स म्हणजे दुसरं काम न मिळालेली, तुटपुंज्या पगारावर राबणारी बाई. प्रशिक्षण नाही, मान नाही. दारूच्या तक्रारीही फार. डिकन्सने एका कादंबरीत अशाच एका पिणाऱ्या नर्सची टर उडवली होती आणि वाचकांना ती ओळखीची वाटली होती. सगळ्याच तशा नव्हत्या, पण नाव सगळ्यांचंच खराब. अशा ठिकाणी बंगल्यात वाढलेली मुलगी जाणार?

परवानगी मिळाली नाही. मग ती पहाटे अंधारात उठून, मेणबत्ती लावून हॉस्पिटलांचे आणि आरोग्य खात्याचे सरकारी अहवाल वाचायची, टिपणं काढायची आणि नाश्त्याच्या वेळी मुकाट्याने घरातली शहाणी मुलगी व्हायची. रिचर्ड मंक्टन मिल्न्स नावाच्या सज्जन, विद्वान माणसाने तिला लग्नाची मागणी घातली होती. त्याला बरीच वर्षं ताटकळत ठेवून १८४९ मध्ये तिने नकार दिला. तो तिला आवडत नव्हता म्हणून नव्हे, तर संसारात पडलो की आपलं काम राहून जाईल म्हणून. शेवटी १८५१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, जर्मनीतल्या कायझर्सवर्थच्या संस्थेत तिला तीन महिने शिकायला मिळालं. आपण एकविसाव्या वर्षी करिअर संपलं म्हणून रडतो!

१८५३ मध्ये लंडनमधल्या हार्ले स्ट्रीटवर आजारी स्त्रियांच्या एका छोट्या रुग्णालयाची ती प्रमुख झाली. तिथे तिने मागितलेल्या गोष्टी बघा. प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी, जेवण वर चढवायला लिफ्ट, आणि पेशंटने घंटी वाजवली तर ती कुठल्या खोलीतली हे बाहेर कळेल अशी सोय. कारण? नर्सचा अर्धा दिवस जिने चढण्यात जात असेल तर पेशंटकडे बघणार कधी? आजच्या भाषेत सांगायचं तर तिने वर्क स्टडी केला.

मग आलं क्रिमियाचं युद्ध. १८५४ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध उतरले. जखमी इंग्रज सैनिकांना काळ्या समुद्रातून बोटीने इस्तंबूलसमोरच्या स्कुटारीला आणत. तिथे त्यांचे कसे हाल होतात याच्या बातम्या लंडनच्या टाइम्समध्ये छापून आल्या आणि इंग्लंडमध्ये गदारोळ झाला. मंत्री सिडनी हर्बर्ट तिच्या ओळखीचे. त्यांनी तिलाच पाठवायचं ठरवलं. ३८ नर्सेस घेऊन ४ नोव्हेंबर १८५४ रोजी ती स्कुटारीला पोचली.

हॉस्पिटल कसलं, तुर्की सैन्याची जुनी बराक ती. उंदीर, उवा, तुंबलेले संडास. कपडे नाहीत, भांडी नाहीत. लष्करी डॉक्टरांनी सुरुवातीला या बायकांना वॉर्डात पाऊलही टाकू दिलं नाही. तिने वाद घातला नाही, थांबली. काही दिवसांतच इंकरमनच्या लढाईतले जखमी लोंढ्याने आले आणि डॉक्टरांना मदत मागावीच लागली. तिने लोकवर्गणीच्या पैशातून सामान विकत आणलं, घासायचे ब्रश वाटले, धुलाईघर आणि स्वयंपाकघर उभं केलं. दिव्याची गोष्ट इथली.

गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपते. सेवा झाली, सैनिक बरे झाले. प्रत्यक्षात तसं झालं नाही. ती आल्यावरही त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये स्कुटारीच्या हॉस्पिटलचा मृत्युदर ४२ टक्क्यांच्या वर गेला. आणि मरणारे बहुतेक जण जखमांनी मरत नव्हते. कॉलरा, हगवण, टायफस असल्या रोगांनी मरत होते.

मार्च १८५५ मध्ये सरकारने एक सॅनिटरी कमिशन पाठवलं. त्यात डॉक्टर जॉन सदरलंड होते आणि रॉबर्ट रॉलिन्सन नावाचे सिव्हिल इंजिनिअर. (सिव्हिलवाल्यांनो, टाळ्या!) इमारतीखालची गटारं तुंबली होती, त्यातली घाण हवा वॉर्डात येत होती. पाण्याच्या वाटेत चक्क मेलेला घोडा सापडला. गटारं धुतली, हातगाड्या भरभरून कचरा उपसला, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली, गर्दी कमी केली. जूनपर्यंत मृत्युदर २ टक्क्यांच्या आसपास उतरला. हिवाळा संपला होता, पेशंटही कमी झाले होते, त्यामुळे श्रेय कुणाला किती यावर इतिहासकार आजही वाद घालतात. पण गटारांचा हिशोब कुणालाच टाळता येत नाही.

१८५६ मध्ये ती इंग्लंडला परतली तेव्हा देशाची लाडकी झाली होती. तिच्या नावाने जमवलेला निधी ४५ हजार पौंडांच्या घरात गेला. सत्काराच्या मिरवणुका टाळायला ती मिस स्मिथ असं खोटं नाव घेऊन आली! आता आरामात बसायचं, आठवणी लिहायच्या, एवढंच बाकी होतं. पण डोक्यात एकच प्रश्न : हजारो माणसं का मेली? विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाला सोबत घेऊन तिने सगळी आकडेवारी खणून काढली. एकट्या जानेवारी १८५५ मध्ये जखमांनी मेले ८३ आणि टाळता येण्यासारख्या रोगांनी २,७६१. हा हिशोब तिच्या स्वतःच्या हॉस्पिटलवरही उलटणारा होता, कारण तो हिवाळा तिच्या डोळ्यांदेखतच गेला होता. तिने आकडे झाकले नाहीत. उलट ते सगळ्यांना दिसावेत म्हणून धडपडली.

मंत्री आणि सेनापती तक्ते वाचत नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून १८५८ मध्ये तिने एक आकृती छापली. वर्तुळाचे तीस-तीस अंशांचे बारा भाग, प्रत्येक भाग म्हणजे एक महिना. निळा रंग टाळता येणाऱ्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. क्षेत्रफळ मृत्यूंच्या प्रमाणात, म्हणजे त्रिज्या वर्गमुळाच्या प्रमाणात. निळ्याचा तो अवाढव्य पसारा बघितला की अडाण्यालाही कळावं. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला सभासद करून घेतलं. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

आता नर्सिंगचं बघू. नुसती माया पुरत नाही हे स्कुटारीने तिला शिकवलं होतं. १८६० मध्ये त्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये नर्सिंग स्कूल सुरू झालं. एक वर्षाचं प्रशिक्षण, राहायची-जेवायची सोय आणि हातखर्चाला वर्षाला १० पौंड. मेट्रन दर महिन्याला प्रत्येक मुलीचा रिपोर्ट भरायची : वक्तशीरपणा, स्वच्छता, मलमपट्टी, पेशंटचं निरीक्षण. (म्हणजे टर्मवर्क तिथेही होतंच!) पेशंटकडे नीट बघायचं आणि बघितलेलं डॉक्टरला बिनचूक सांगायचं, यावर सगळा भर. नर्सेसची प्रमुख नर्सच असली पाहिजे हा तिचा आग्रह. इथून शिकलेल्या मुली बाहेर पडल्या आणि नवीन ठिकाणी हेच शिकवू लागल्या. ल्युसी ऑस्बर्न १८६८ मध्ये थेट सिडनीला गेली. पोट भरायला करायचं हलकं काम आता शिकून करायचा व्यवसाय झालं.

ती प्रत्येक बाबतीत बरोबर होती असं नाही. रोग घाण हवेने होतात असं ती मानायची, जंतूंचा सिद्धांत तिने फार उशिरापर्यंत स्वीकारला नाही. नर्सेसची सरकारी नोंदणी असावी या मागणीलाही तिने विरोध केला. परीक्षेने चांगली नर्स ओळखता येत नाही असं तिचं म्हणणं. ब्रिटनमध्ये नोंदणी आली ती १९१९ मध्ये, तिच्या मागे.

आणि हो, भारत! ती इथे कधीच आली नाही. पण भारतातल्या सैन्याच्या आरोग्यावर १८५९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनसाठी तिने छावणी-छावणीतून माहिती मागवली, घरी खोक्यांनी कागद जमले. भारतातल्या इंग्रज सैनिकांत दर हजारी ६९ मृत्यू होत होते, पुढच्या दहा-बारा वर्षांत ते १८ वर आले. मग तिचं लक्ष सैन्यावरून खेड्यांकडे वळलं : पिण्याचं पाणी, कालवे, दुष्काळ. दादाभाई नौरोजींशी आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. बेहरामजी मलबारींच्या चरित्राला तिने प्रस्तावना लिहिली.

हे सगळं तिने बहुतेक अंथरुणातून केलं, हे विसरू नका. क्रिमियात जडलेल्या तापाने ती कायमची खचली होती. १९०७ मध्ये तिला ऑर्डर ऑफ मेरिट मिळालं, तेही स्त्रियांत पहिल्यांदा. १३ ऑगस्ट १९१० रोजी ती गेली. मोठ्या माणसांसोबत वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरू नये ही तिची इच्छा होती. गावाकडच्या थडग्यावर पूर्ण नावही नाही, फक्त आद्याक्षरं आणि तारखा.

तिचा वाढदिवस, १२ मे, जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. २०२० मध्ये तिच्या जन्माला २०० वर्षं झाली आणि नेमकी तेव्हाच कोविडची साथ आली. हात धुवा, खिडक्या उघडा, गर्दी टाळा, रोजचे आकडे बघा : सगळं जग तिचाच धडा गिरवत होतं. पुढच्या वेळी हॉस्पिटलात सिस्टर ताप बघून कॉटला लटकवलेल्या कागदावर नोंद करताना दिसल्या, तर त्यांना दोन शब्द चांगले बोला. आणि आपला एखादा प्रोजेक्ट फसला तर रीडिंग्ज बदलू नका. ती जशीच्या तशी मांडा आणि गटार कुठे तुंबलंय ते शोधा.